केस-लेखन : निर्णयाच्या अलीकडे थांबणारे गद्य



व्यावहारिक मराठीच्या या अभ्यासक्रमात तुम्ही आतापर्यंत अर्ज, इतिवृत्त, अहवाल, बातमी आणि जाहिरात हे लेखनप्रकार अभ्यासले आहेत. या घटकात आपण अशा एका लेखनप्रकाराकडे वळणार आहोत, ज्याचा जन्म भाषा विभागात झाला नाही आणि ज्याची चर्चा मराठी लेखनाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. व्यवस्थापनाच्या शिक्षणात ज्याला ‘केस’ म्हणतात, तो हा प्रकार होय. वाणिज्य शाखेचा हा विषय मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. केस ही प्रथमतः गद्यरचना असते, हे त्याचे उत्तर. ती कोणीतरी लिहिते आणि कोणीतरी वाचते. तिचा बरेवाईटपणा तिच्यातील आकड्यांइतकाच तिच्यातील वाक्यांवर ठरतो. शिवाय तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकतात, कोणी दुकान चालवते, कोणी बचत गटाचे हिशेब ठेवते, कोणी दूध संस्थेत काम करते. केसचा कच्चा माल रोज तुमच्या हातांखालून जात असतो.

संज्ञेविषयी थोडेसे

‘केस’ या शब्दाने मराठीत बराच गोंधळ घातला आहे. डोक्यावरचे केस सोडून दिले, तरी वकिलाची केस म्हणजे खटला, डॉक्टरांची केस म्हणजे रुग्ण आणि भाषावैज्ञानिकांची केस म्हणजे विभक्ती. पर्यायी संज्ञाही अडचणीच्याच आहेत. ‘व्यक्ती-अभ्यास’ ही संज्ञा मानसशास्त्रात आणि समाजकार्यात रूढ आहे, पण तेथे अभ्यासाचा विषय एक माणूस असतो. ‘प्रकरण-अभ्यास’ म्हटले तर पुस्तकाचे प्रकरण आठवते, नाहीतर कोणीतरी दडपलेले ‘प्रकरण’. म्हणून या घटकात वर्गांत आणि कार्यालयांत रुळलेला ‘केस’ हाच शब्द स्त्रीलिंगी धरून वापरला आहे. संज्ञा परकी असली तरी चालते. वाक्ये मात्र आपली हवीत.

केस म्हणजे काय? एखाद्या संस्थेतील किंवा व्यवसायातील खऱ्या परिस्थितीचे असे लेखी वर्णन, ज्यात एका व्यक्तीला निर्णय घ्यायचा आहे आणि तो निर्णय वाचकाला सांगितलेला नाही. या व्याख्येतील शेवटचे वाक्यांग सर्वांत महत्त्वाचे आहे. अहवाल निष्कर्षापर्यंत जातो, बातमी घडलेले सांगते, यशोगाथा तर शेवटापासूनच सुरू होते. केस मात्र निर्णयाच्या अलीकडे थांबते आणि पुढचे पाऊल वाचकावर सोपवते.

हा प्रकार लिहावा का लागला

ही पद्धत प्रथम कायद्याच्या शिक्षणात रुजली. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हे १८७० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. नियमांची पाठ्यपुस्तके घोकून घेण्याऐवजी त्यांनी विद्यार्थ्यांपुढे न्यायालयांचे प्रत्यक्ष निकाल ठेवले आणि त्यांतून तत्त्व शोधण्यास सांगितले. पुढे १९०८ मध्ये याच विद्यापीठात व्यवसाय-शिक्षणाची शाखा, म्हणजे हार्वर्ड बिझनेस स्कूल, सुरू झाली. तिचे पहिले अधिष्ठाता एडविन गे यांनाही असेच काही हवे होते. १९१९ मध्ये अधिष्ठाता झालेले वॉलेस डोनम स्वतः विधी महाविद्यालयातच शिकलेले होते. त्यांनी या पद्धतीचा जोराने पाठपुरावा केला.

येथे एक अडचण उभी राहिली, आणि आपल्या दृष्टीने या इतिहासातील तोच खरा महत्त्वाचा मुद्दा आहे. कायद्याच्या प्राध्यापकाला केस लिहावी लागत नाही. न्यायाधीशांनी निकालपत्रात ती आधीच लिहून ठेवलेली असते. व्यवसायात निकालपत्रे नसतात. चपलांच्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्यात काय झाले, याचे दस्तऐवज कोणत्याही दप्तरात क्रमवार लावून ठेवलेले नसतात. ते कोणीतरी जाऊन विचारायचे, पाहायचे आणि लिहून काढायचे. १९२० मध्ये मेल्विन कोपलँड यांनी विपणनातील समस्यांचा संग्रह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये क्लिंटन बिडल यांनी लिहिलेली ‘जनरल शू कंपनी’ ही हार्वर्ड बिझनेस स्कूलची पहिली लिखित केस मानली जाते. कामगार सुट्टीच्या ठरलेल्या वेळेआधीच काम थांबवतात, एवढाच तिचा विषय. आजच्या केस वीस-वीस पानांच्या असतात; त्या तुलनेत ती अगदीच चिमुकली. पण तिच्याबरोबर एक नवा लेखक जन्माला आला: ज्याला निकाल माहीत असूनही तो लिहायचा नाही, असा लेखक.

भारतात या पद्धतीचा प्रमुख प्रवेश अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेमार्फत झाला. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तिच्या उभारणीत विक्रम साराभाई यांचा पुढाकार होता आणि सुरुवातीच्या काळात तिला हार्वर्ड बिझनेस स्कूलचे सहकार्य मिळाले. तेथील अध्यापकांनी भारतीय शेतीमाल, सहकार, लघुउद्योग यांवर केस लिहिल्या. त्यांची भाषा अर्थातच इंग्रजी राहिली. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांपैकी अनेकांना ते वाचता आले नसते, ही बाब मला तरी किरकोळ वाटत नाही.

गोष्ट कोठे थांबवावी

आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात गुजराती महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकी एक. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. आज हजारो महिलांना सामावून घेणारा ‘लिज्जत’ पापडाचा उद्योग त्यातून उभा राहिला. ही कथा तुम्ही अनेकदा वाचली असेल आणि प्रत्येक वेळी ती ‘केवळ ८० रुपयांपासून...’ अशीच सुरू झाली असेल. ती प्रेरक आहे, पण ती केस नाही. वाचकाला त्यात करण्यासारखे काही उरलेले नाही; टाळ्या वाजवणे एवढेच त्याच्या हाती आहे.

आता याच इतिहासातील एक कमी सांगितला जाणारा तपशील पाहा. पहिल्या वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात. उत्पादन चार महिने बंद ठेवावे लागले. केस-लेखक येथे थबकेल. तो आपले लेखन दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीस सुरू करील. गेल्या वर्षीचे चार रिकामे महिने डोळ्यांसमोर आहेत. आता पाऊस येणार हे निश्चित आहे. पुन्हा चार महिने थांबायचे का? थांबलो तर बांधलेले गिऱ्हाईक परत येईल का? बंदिस्त जागा भाड्याने घ्यायची, तर भाडे पापडाच्या किमतीत बसेल का? पावसाळ्यापुरता दुसरा पदार्थ करायचा का? की घरातल्या घरात वाळवण्याची काही सोय होईल? लेखक या वेळची रोजची पाकिटे, एका पाकिटामागे उरणारी रक्कम, काम करणाऱ्या महिलांची संख्या, घराघरांतील मोकळी जागा हे सारे मिळवून मांडील, आणि थांबेल.

प्रत्यक्षात त्या महिलांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी ठेवायची. भर पावसात पापड वाळू लागले. हे उत्तर वाचून तुम्हाला हसू आले असेल, इतके ते घरगुती आहे. पण ते आधीच सांगून टाकले असते, तर तुम्ही बंदिस्त जागेचा आणि भाड्याचा विचार केलाच नसता. म्हणून केस-लेखनाच्या प्रथेत असे उत्तर वेगळ्या कागदावर, ‘भाग ब’ म्हणून लिहितात आणि चर्चा संपल्यावरच वाटतात. खाट आणि शेगडी यांचे मोल कळायचे असेल, तर आधी अर्धा तास त्यांच्याविना काढावा लागतो.

निकाल वाक्यांत लपून बसतो

आतापर्यंतचे विवेचन तुम्हाला व्यवस्थापनाच्या पुस्तकातही मिळू शकेल. यापुढचा भाग मात्र भाषेच्या विद्यार्थ्यानेच करायचा आहे. शेवट न सांगितल्याने केस निष्पक्ष होत नाही. मराठीत निकाल देण्याच्या जागा वाक्याच्या शेवटीच नव्हे, वाक्याच्या सांध्यासांध्यांत असतात. पुढील उतारा मी उदाहरणासाठी रचला आहे; त्यातील बचत गट आणि व्यक्ती काल्पनिक आहेत.

“गटाच्या अध्यक्षांनी घाईघाईने पुण्याच्या एका दुकानाची मोठी ऑर्डर घेऊन टाकली. पैसे पंचेचाळीस दिवसांनी मिळणार होते, तरीही त्यांनी कोणाला विचारलेच नाही. त्यातच मिरचीचे भाव भडकले आणि गट अडचणीत सापडला. कांडपावर कामाला असलेली एक बाई तेव्हाच म्हणाली होती, की हे झेपणार नाही.”

अध्यक्ष चुकल्या की बरोबर होत्या, हे लेखकाने कोठेही म्हटलेले नाही. तरीही हा उतारा वाचून कोणी ‘त्या बरोबर होत्या’ असे म्हणेल का? ‘घाईघाईने’ या क्रियाविशेषणाने सुरुवात झाली. ‘घेऊन टाकली’ या संयुक्त क्रियापदाने ती पुढे नेली. मराठीत मुख्य धातूला ‘टाकणे’, ‘बसणे’, ‘ठेवणे’, ‘सोडणे’ अशी सहायक क्रियापदे जोडली, की कृती तीच राहते आणि तिच्याविषयीचा भाव बदलतो. ‘कर्ज काढले’ ही नोंद आहे. ‘कर्ज काढून बसले’ हा ठपका आहे. ‘जमीन विकली’ आणि ‘जमीन विकून टाकली’ यांतील फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, आणि म्हणूनच लिहिताना तो नजरेतून निसटतो. त्यानंतर ‘विचारलेच’ आणि ‘तेव्हाच’ यांतील दोन ‘च’ येतात. एका अक्षराचे हे अव्यय न्यायाधीशाच्या हातोड्याचे काम करते. ‘तरीही’, ‘त्यातच’, ‘अखेर’, ‘केवळ’, ‘चक्क’ ही मंडळीही त्याच कुळातली.

याच उताऱ्यात आणखी एक गोष्ट घडली आहे, जी इंग्रजीत केस लिहिणाऱ्याला बहुधा सुचणारही नाही. अध्यक्षांना ‘त्यांनी’, आणि कांडपावरच्या सदस्याला ‘एक बाई म्हणाली’. आदरार्थी बहुवचन कोणाला द्यायचे आणि कोणाला नाकारायचे, हे मराठी लेखकाला प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. मालक ‘ते म्हणाले’, व्यवस्थापक ‘ते म्हणाले’ आणि हमाल ‘तो म्हणाला’, असे लिहिले, की वर्गातील विद्यार्थी हमालाचे मत नकळत कमी वजनाने तोलतात. केस-लेखनापुरता माझा आग्रह स्पष्ट आहे: केसमधील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला एकच रूप वापरावे. सर्वांना बहुवचन द्यावे, हे उत्तम. ते कोठे जड वाटले, तर जड वाटू द्यावे.

आता तोच प्रसंग दुसऱ्या प्रकारे लिहून पाहू.

“१२ एप्रिल रोजी पुण्यातील एका दुकानाने गटाकडे ४०० किलो मसाल्याची मागणी नोंदवली. रक्कम माल पोहोचल्यापासून ४५ दिवसांनी देण्याची अट होती. अध्यक्षांनी त्याच दिवशी मागणी स्वीकारली. गटाची मासिक बैठक २० एप्रिलला होती. १२ एप्रिलला गटाच्या खात्यात ३८,००० रुपये शिल्लक होते. सुक्या मिरचीचा भाव मार्चमध्ये किलोला १८० रुपये होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो २१० रुपये झाला. कांडपाचे काम पाहणाऱ्या सदस्य म्हणाल्या, ‘एवढा माल कांडायला आपल्याला महिना लागेल.’ दुकानदाराने उत्तरासाठी संध्याकाळपर्यंतचीच मुदत दिली होती, असे अध्यक्षांनी सांगितले.”

हा उतारा लांबला आहे आणि कोरडाही झाला आहे. पण अध्यक्षांविषयीचे मत आता तुम्हाला स्वतः बनवावे लागते. बैठक आठ दिवसांवर होती आणि मुदत संध्याकाळपर्यंत. मग कोणाला विचारायचे होते, आणि फोनवर विचारता आले नसते का? ‘संध्याकाळपर्यंतचीच’ यातील ‘च’ मी मुद्दाम ठेवला आहे. तो अध्यक्षांच्या तोंडचा आहे, लेखकाचा नाही. पात्रांना पक्ष घेण्याचा पूर्ण अधिकार असतो. शिवाय हा उतारा अजूनही अपुरा आहे. ४०० किलो मसाल्याला मिरची किती लागते आणि इतर जिन्नसांचा खर्च किती, हे त्यात नाही. त्याशिवाय ३८,००० रुपये पुरतील की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही. अशा उणिवा लिहिताना दिसत नाहीत. मसुद्यावरून दुसऱ्या कोणाला निर्णय घ्यायला सांगितले, की त्या लगेच उघड्या पडतात.

अहवाल-लेखनाच्या घटकात तुम्ही ‘-ण्यात आले’ ही रचना शिकलात. ‘दर वाढवण्यात आले’, ‘मशीन बंद ठेवण्यात आले’. शासकीय पत्रव्यवहारात तिचा उपयोग असेल. केसमध्ये ती वर्ज्य समजा. केस हा निर्णयाचा अभ्यास आहे आणि ही रचना निर्णय घेणाऱ्यालाच वाक्यातून घालवते. ज्याच्या खुर्चीत वाचकाला बसवायचे, ती खुर्चीच मग रिकामी राहते. याच्या जोडीने अकर्मक आणि सकर्मक धातूंच्या जोड्यांकडेही लक्ष असू द्या. ‘पैसे अडकले’ की ‘पैसे अडकवले’? ‘दूध नासले’ की ‘दूध नासवले’? ‘मशीन बंद पडले’ की ‘बंद ठेवले’? पहिल्या रूपात दैव बोलते, दुसऱ्यात माणूस. यांपैकी कोणते खरे, हे लेखकाने विचारून घ्यायचे असते. ते कळले नसेल, तर कोणी काय सांगितले तेवढेच लिहावे.

आकडा कोणाच्या तोंडचा?

ऐकीव माहितीसाठी बोलीत आपल्याकडे ‘म्हणे’ हे सुंदर अव्यय आहे. ‘त्याने दुकान विकले म्हणे.’ बोलणारा एका शब्दात सांगतो, की मी पाहिलेले नाही. औपचारिक गद्यात ‘म्हणे’ चालत नाही, कारण त्याला शंकेचा, कधी उपहासाचा वास येतो. दुर्दैवाने ते काढून टाकताना आपण त्यातील प्रामाणिकपणाही काढून टाकतो आणि ऐकीव गोष्ट सिद्ध वस्तुस्थितीसारखी उभी राहते.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण बोलके आहे. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत सुमारे ५,००० डबेवाले काम करत आले आहेत. त्यांपैकी बहुतेक जण पुणे जिल्ह्याच्या मावळ भागातले. डब्यावरच्या रंगीत अक्षर-अंकांच्या खुणांवरून डबा कोणत्या स्थानकावर उतरवायचा आणि कोणत्या इमारतीत न्यायचा, हे त्यांना कळते. स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलसाठी या व्यवस्थेवर केस लिहिली आणि ती जगभरच्या वर्गांत शिकवली जाते. डबेवाल्यांविषयी एक आकडा सर्वतोमुखी आहे: १ कोटी ६० लाख फेऱ्यांमागे एक चूक. त्याला ‘सिक्स सिग्मा’ हा गुणवत्तेचा शिक्काही जोडला जातो आणि तो फोर्ब्स या अमेरिकी नियतकालिकाने दिला, असे सांगितले जाते.

या आकड्याचा उगम फोर्ब्समधील १९९८ च्या एका लेखात आहे. त्याचे लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे खुलासा केला, की त्यांनी ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द वापरलाच नव्हता. चूक किती वेळा होते, असे त्यांनी डबेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांना विचारले होते. जवळजवळ कधीच नाही, फार तर दोन महिन्यांतून एखादी, असे उत्तर मिळाले. त्यावरून चक्रवर्तींनी गणित केले: ८० लाख पोचवण्यांमागे एक चूक, आणि रिकामा डबा परत नेण्याची फेरी धरली तर १ कोटी ६० लाखांमागे एक. एका तोंडी अंदाजातून हा आकडा जन्मला, हातोहात फिरला आणि फिरता फिरता त्याच्या अंगावरचे ‘अध्यक्षांच्या सांगण्यानुसार’ हे शब्द गळून पडले. डबेवाल्यांचे काम यामुळे तसूभरही लहान होत नाही. लहान होते ते आपले लेखन. केसमध्ये प्रत्येक आकड्यापुढे त्याचा धनी उभा असला पाहिजे: वहीतील नोंद, बँकेचे पुस्तक, की कोणाचा अंदाज. ‘यांच्या सांगण्यानुसार’, ‘नोंदवहीप्रमाणे’, ‘यांचा अंदाज असा’ ही आपल्या प्रमाण मराठीतील ‘म्हणे’ची सभ्य रूपे आहेत. ती कंटाळवाणी वाटली, तरी वापरावीत.

वर्गात काय घडते

हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी दोन वर्षांत पाचशेच्या आसपास केस वाचतो. शिक्षक व्याख्यान देत नाही. तो एखाद्याकडे वळून विचारतो, “तुम्ही त्यांच्या जागी असता, तर उद्या सकाळी काय केले असते?” उत्तर आले, की दुसऱ्याला विचारतो, “तुम्हाला हे पटते का?” फळ्यावर मते, आकडे आणि विरोध यांची मांडणी होत जाते. शिक्षकाजवळ ‘अध्यापन-टिपण’ असते. त्यात चर्चेचा क्रम, संभाव्य उत्तरे आणि फळ्याची आखणी लिहिलेली असते. विद्यार्थ्यांना ते दाखवत नाहीत. केस लिहिणाऱ्याने हे टिपणही लिहावे, अशी अपेक्षा असते. त्याचा एक फायदा भाषिक आहे. लेखकाच्या मनात जी मते दाटलेली असतात, त्यांना उतरायला एक हक्काची जागा मिळते आणि केस स्वच्छ राहते.

या पद्धतीवर टीका झालेली नाही असे नाही. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडातील अभ्यासकांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर कठोर आक्षेप घेतले. ज्या कंपनीत कधी पाऊल ठेवले नाही, तिच्याविषयी वीस पाने वाचून दुसऱ्या दिवशी ठाम निर्णय देण्याची सवय तरुणांना लावणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते बरेचसे पटते. आणखी एक आक्षेप खुद्द हार्वर्डमधूनच आला. तेथील अधिष्ठाता नितीन नोहरिया यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे मान्य केले, की तेथील केसपैकी फक्त सुमारे ९ टक्के केसमध्ये निर्णय घेणारी मुख्य व्यक्ती स्त्री आहे. हे प्रमाण वाढवून २० टक्क्यांवर नेण्याचे त्यांनी ठरवले. भाषेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न व्याकरणाच्या अंगाने विचारता येतो: केसच्या पहिल्या वाक्याचा कर्ता कोण आहे? पापड लाटणारी, डबा उचलणारा, दूध घालायला रांगेत उभा असलेला शेतकरी यांना कर्ता करून केस का लिहू नये? निर्णय त्यांनाही घ्यावे लागतात. त्यांच्या निर्णयांत चुकीला जागा कमी असते, एवढाच फरक.

दूरशिक्षणातील तुम्हा विद्यार्थ्यांपुढे वर्ग नसतो, फळा नसतो आणि संपर्क सत्र कधीतरीच येते. पण ज्यांनी पगाराच्या तारखा पाळल्या आहेत, उधारी वसूल केली आहे, त्यांना मिंट्झबर्ग यांचा आक्षेप तितकासा लागू पडत नाही. केस घरी वाचताना आधी फक्त पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा, म्हणजे निर्णय कोणाचा आणि केव्हापर्यंतचा हे कळेल. मग संपूर्ण वाचा. मग पुस्तिका मिटून आपला निर्णय चार ओळींत कागदावर लिहा. मनातल्या मनात घेतलेला निर्णय सोयीप्रमाणे बदलता येतो, लिहिलेला बदलताना खोडावा लागतो. त्यानंतरच शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला किंवा घरातल्या कोणाला तोच प्रसंग सांगा आणि त्यांचे उत्तर ऐका. सांगताना तुम्ही कोणता तपशील गाळलात, हे टिपून ठेवा. तुमचा कल बहुधा तेथेच सापडेल.

ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांचे काय?

हा भाग नियमावलीत दोन ओळींत उरकला जातो, पण लहान गावात लिहिणाऱ्यासाठी तो सर्वांत नाजूक आहे. केस प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित संस्थेची लेखी संमती घेतात आणि आवश्यक तेथे नावे बदलतात. नफा-तोट्याचे आकडे उघड करायचे नसतील, तर सर्व आकड्यांना एकाच संख्येने गुणतात, म्हणजे त्यांचे परस्परप्रमाण टिकते. मोठ्या शहरातील कंपनीला एवढे पुरते. तालुक्याच्या गावात मात्र मसाल्याचा बचत गट एकच असतो आणि त्याच्या अध्यक्षही सर्वांच्या ओळखीच्या असतात. नाव बदलून तेथे भागत नाही. ‘घेऊन टाकली’ असे तुम्ही लिहिलेत, तर पुढच्या बैठकीत त्यांना ते ऐकवले जाईल. पुढचे कर्ज मागताना बँकेच्या टेबलावरही ते पोचेल. म्हणून मसुदा त्यांना वाचून दाखवा. त्यांना तथ्य दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, आणि वाक्य बदलून मागण्याचाही. त्यांनी हरकत घेतलेला शब्द बहुतेक वेळा तुमच्या मताचाच असतो. हरकत तथ्यालाच असेल आणि ते तथ्य नोंदवहीत दिसत असेल, तर दोन्ही बाजू लिहून ठेवा. संमती नाकारली, तर केस तुमच्या वहीत राहील.

उपक्रम

तुमच्या परिसरातील एखादे दुकान, गिरणी, रोपवाटिका, गट किंवा संस्था निवडा. तेथे अलीकडे घेतलेल्या किंवा लवकरच घ्यायच्या एका निर्णयाविषयी संबंधित दोन व्यक्तींशी स्वतंत्रपणे बोला. त्यांपैकी एक जण निर्णय घेणारा असावा आणि दुसरा तो निर्णय अमलात आणणारा. सुमारे ६०० शब्दांची केस लिहा. निर्णय झालेला असल्यास तो ‘भाग ब’ म्हणून वेगळ्या कागदावर ठेवा. लेखन पूर्ण झाल्यावर मसुद्यातील प्रत्येक ‘च’, प्रत्येक संयुक्त क्रियापद आणि प्रत्येक ‘-ण्यात आले’ यांखाली रेघ ओढा. त्यांपैकी कोणते पात्रांचे आणि कोणते तुमचे, हे समासात लिहा. दोन्ही कागद आणि रेघा ओढलेला मसुदा पुढील संपर्क सत्राला सोबत आणा.